भुलाबाईची खिरापत : वऱ्हाडातील एका घरगुती खेळाचा विचार

भाद्रपद महिन्यात वऱ्हाडातील अनेक घरांत दोन पाहुण्या येतात. पहिल्या महालक्ष्म्या. शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर त्यांचे आगमन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व महानैवेद्य आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा तीन दिवसांचा कुळाचार अत्यंत काटेकोरपणे पाळला जातो. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरणाचा स्वयंपाक आणि सोवळेओवळे यांत काही उणे राहिले तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मनाला हुरहूर लागते. दुसरी पाहुणी भुलाबाई. ती त्याच महिन्याच्या पौर्णिमेस येते आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे महिनाभर, मुक्काम करते. तिच्यासाठी सोवळे नाही, उपास नाही, पुरोहित नाही. एखाद्या वर्षी तिला घरी आणले नाही तर त्याबद्दल प्रायश्चित्तही सांगितलेले नाही. असे असताना तिचा खेळ अनेक पिढ्या चालत आला. ज्या परंपरेमागे धर्माज्ञेचे बळ नाही व भयाची जरब नाही, ती कशाच्या आधारावर टिकते आणि कुटुंबाला काय देते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी मंगरूळपीर व त्याच्या भोवतालचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. हे तालुक्याचे गाव १९०५ पर्यंत तेव्हाच्या बासीम जिल्ह्यात, त्यानंतर अकोला जिल्ह्यात आणि १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा झाल्यापासून त्या जिल्ह्यात मोडते. गावाच्या नावातील ‘पीर’ हे पद तेथील हयात कलंदर यांच्या दर्ग्याची आठवण देते. बिरबलनाथ महाराजांचे मंदिरही सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा गावाची ओळख ग्रंथांतून होते ती दर्गा, यात्रा, बाजार आणि कापूस यांच्यावरून. घराच्या ओसरीवर संध्याकाळी तासभर चालणारा मुलींचा खेळ कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही. तथापि गावातील घरे एकमेकांशी कशी बांधली गेली आहेत हे पाहावयाचे असेल तर अशा बिननोंदीच्या गोष्टींकडेच वळावे लागते.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. भाद्रपद पौर्णिमेस भुलोजी व भुलाबाई यांची मातीची जोडमूर्ती घरात मांडतात; बहुधा मांडीवर बाळ गणपती असतो. रोज सायंकाळी आळीतील मुली एकेका घरी जमतात, मूर्तीपुढे बसून टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, आणि आरती झाली की खिरापतीची वेळ येते. खिरापत झाकणाच्या डब्यात असते. ज्या घरी खेळ असतो त्या घरची मुलगी किंवा तिची आई तो डबा हलवून दाखविते आणि आत काय आहे ते इतरांनी ओळखावयाचे असते. गोड की तिखट, कोरडे की ओले, तळलेले की भाजलेले, असे प्रश्न होतात. फुटाणे व शेंगदाणे यांचा आवाज निराळा, मुरमुऱ्यांचा निराळा. शंकरपाळ्यांचा खडखडाट लपत नाही. उसळ किंवा भिजवलेली डाळ असेल तर डबा मुका राहतो आणि मुली बुचकळ्यात पडतात. बरोबर नाव येईपर्यंत झाकण उघडत नाही. सर्व तर्क संपले की मुलींनी हार कबूल करावयाची, मग डबा उघडावयाचा आणि खिरापत सर्वांना वाटावयाची. एका घरचा खेळ आटोपला की मेळा पुढच्या घरी जातो. शेवटच्या दिवशी, कोजागरीस, भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात आणि त्या दिवशी बत्तीस किंवा तेहतीस प्रकारच्या खिरापती करण्याची रीतही अनेक ठिकाणी आहे.

पश्चिम महाराष्ट्रात हस्त नक्षत्राच्या सुमारास होणारा हादगा किंवा भोंडला आणि खानदेशातील गुलाबाई ही याच खेळाची भावंडे होत. तिन्हींच्या दैवतांत, दिवसांत व मांडणीत फरक आहे. हादग्यात हत्तीचे चित्र मधोमध असते व मुली त्याभोवती फेर धरतात, तर भुलाबाईत मुली मूर्तीपुढे बसतात. परंतु खिरापत ओळखण्याचा भाग सर्वत्र आढळतो. एवढे फरक पडूनही जो भाग कायम राहिला तो केवळ शेवटचा खाऊ म्हणून सोडून देता येणार नाही.

या खेळांविषयीचे लेखन दोन दिशांनी झालेले दिसते. पहिली दिशा उगमाच्या शोधाची. भुलाबाई ही भूमीची, सुफलतेची देवता असावी, पीक भरण्याच्या दिवसांत तिचे पूजन होते हे त्याचे गमक आहे, असे प्रतिपादन केले जाते. दुसरी दिशा गीतसंग्रहाची. दुर्गा भागवत यांचा ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ हा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला, आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे स्त्रीगीतांचे विपुल धन प्रकाशात आणले. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु उगम कळला म्हणून सातत्य कळले असे होत नाही. बारा वर्षांची मुलगी भूमातेच्या आराधनेसाठी शेजारच्या घरी धाव घेत नाही. आज डब्यात काय आहे या उत्सुकतेने ती जाते. संग्रहकाराच्या वहीत गाणे उतरते, पण डब्याचा आवाज उतरत नाही. म्हणून खेळाचा खेळ म्हणूनच विचार करणे अवश्य आहे.

डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाची काही लक्षणे सांगितली आहेत : तो स्वेच्छेने होतो, नेहमीच्या व्यवहारापासून वेगळा असतो, त्याला स्थळकाळाची मर्यादा असते आणि त्या मर्यादेत त्याचे नियम निरपवाद असतात. खिरापतीच्या खेळास ही सर्व लक्षणे लागू पडतात. त्यातही नियमांचा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. इतर वेळी घरात मोठ्यांनी सांगावयाचे आणि लहानांनी ऐकावयाचे. खिरापतीच्या वेळी मात्र घरची कर्ती स्त्री मुलींच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास बांधलेली असते. तिने खोटे सांगावयाचे नाही आणि मुलींनी ओळखले तर ते मान्य करावयाचे. पाच मिनिटांपुरती का होईना, आई आणि लेक, काकू आणि पुतणी एका नियमाखाली समान पातळीवर येतात. वडील माणसे हरू शकतात आणि हरली तरी हसतात, हे मुलांना प्रथम अशाच ठिकाणी दिसते. भुलाबाईची कथा येथे सहज आठवते. शंकर-पार्वती सारीपाट खेळले, शंकर हरले आणि रुसून निघून गेले. पुढे भिल्लिणीच्या रूपाने आलेल्या पार्वतीला ते भुलले, म्हणून ते भुलोजी आणि ती भुलाबाई, असे सांगण्यात येते. ज्या दैवताची कथाच हार पचविता न आल्याने सुरू होते, त्याच्यापुढे मुली रोज संध्याकाळी हसत हरावयास शिकतात.

दुसरा विशेष मूल्यासंबंधी आहे. एका घरी तळणाच्या करंज्या होतात, दुसऱ्या घरी मूठभर फुटाण्यांवर भागवावे लागते. नुसता खाऊ वाटावयाचा असता तर हा भेद उघडा पडला असता आणि गरिबाघरच्या मुलीला मेळा घरी बोलावण्याचा संकोच वाटला असता. खेळाच्या नियमाने हा हिशेब पालटतो. येथे खिरापतीची किंमत तिच्या खर्चावर ठरत नाही, ती किती वेळ ओळखू आली नाही यावर ठरते. करंजीचे नाव पहिल्याच फेरीत निघाले तर तिचा दिमाख उतरतो. उलट गुळाचा खडा आणि दोन चिंचोके एवढ्या सामग्रीवर एखादी चतुर आई साऱ्या आळीला हरवू शकते. श्रीमंतीची जागा कल्पकतेने घ्यावी अशी ही योजना कोणी बसून केलेली नाही; पण तिचा परिणाम मात्र असा होतो की प्रत्येक घराला यजमान होण्याचा मान मिळतो. येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. मेळ्यात कोणत्या मुली असावयाच्या हे पूर्वी आळीच्या रचनेने ठरत असे आणि आळीची रचना जातीने. खेळाने साधलेली बरोबरी या कुंपणाच्या आतली होती हे विसरता येणार नाही.

तिसरा विशेष गाणी आणि खिरापत यांच्या क्रमात आहे. भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेराचा विषय पुनःपुन्हा येतो : न धाडणारी सासू, रुसलेली सून, वाट पाहणारा भाऊ. आज ही गाणी गमतीची वाटतात. ज्या काळी ती रुळली त्या काळी गाणाऱ्या मुलींपैकी काहींची लग्ने पुढच्या वर्षापर्यंत होऊन जावयाची असत. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ साली संमत झालेल्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले आणि ते अठरा होण्यास १९७८ ची दुरुस्ती यावी लागली, एवढ्यावरून त्या परिस्थितीची कल्पना यावी. अशा मुलींना पुढील आयुष्यातील भय मैत्रिणींसमवेत, टिपरीच्या तालावर, हसत उच्चारता येत असे. आणि ते उच्चारून झाल्यावर आईच्या हातचा डबा उघडत असे. भय बोलून दाखविण्याची आणि त्यानंतर माहेरच्या आश्वासनाकडे परतण्याची ही उजळणी महिनाभर रोज होई. शिवाय निरनिराळ्या घरचे पदार्थ आवाजावरून व वासावरून ओळखता ओळखता स्वयंपाकघराची एक विद्याही नकळत हाती येत असे.

कुटुंबातील अशा लहानसहान प्रथांचा पद्धतशीर अभ्यास पाश्चात्त्य देशांतही फार जुना नाही. अमेरिकेतील जेम्स बॉसार्ड व एलिनॉर बोल यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कौटुंबिक विधींचा विचार स्वतंत्र विषय म्हणून केला. १९८० साली स्टीव्हन वोलिन, लिंडा बेनेट व त्यांचे सहकारी यांनी मद्यासक्त पालकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या कुटुंबांत सणवार, एकत्र भोजन यांसारखे प्रघात व्यसनामुळे मोडले नव्हते, त्यांत पुढच्या पिढीकडे व्यसन संक्रमित होण्याचे प्रमाण कमी आढळले. प्रघातांमुळे व्यसन टळले की मुळात सावरलेल्या कुटुंबांनाच प्रघात टिकविता आले, हे एवढ्यावरून ठरत नाही. बार्बरा फीज व सहकाऱ्यांनी २००२ साली पन्नास वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेताना नित्यक्रम आणि विधी यांत भेद केला. नित्यक्रमाने काम उरकते; विधीने ‘आपण कोण’ याचे उत्तर मिळते आणि तो चुकला तर मनाला लागते. या भेदाच्या प्रकाशात पाहिले असता खिरापत हा फराळाचा नित्यक्रम नव्हे हे स्पष्ट होते. वर्षानुवर्षांनी भेटलेल्या बहिणी त्या वर्षीच्या पिकापाण्याबद्दल काही आठवीत नाहीत, पण कोणत्या खिरापतीने सर्वांना फसविले ते त्यांच्या स्मरणात असते.

आता या खेळाच्या आजच्या स्थितीकडे वळले पाहिजे. त्याच्या ऱ्हासाचे खापर बहुधा बदललेल्या अभिरुचीवर, शिकवणीवर किंवा करमणुकीच्या यंत्रांवर फोडले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु मंगरूळपीरसारख्या तालुक्यात त्याहून खोल असे एक कारण शेतीत आहे. मूग व उडीद यांची काढणी आटोपलेली, ज्वारी कणसात आलेली आणि कापसाची वेचणी अद्याप सुरू न झालेली, असा भाद्रपद-आश्विनाचा काळ जुन्या पीकपद्धतीत तुलनेने सवडीचा होता. भुलाबाईचा महिना नेमका या सवडीत बसला होता. गेल्या काही दशकांत विदर्भात सोयाबीनचा प्रसार झाला आणि ज्वारीचा पेरा झपाट्याने घटला. सोयाबीनची सोंगणी व मळणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे बरोबर भुलाबाईच्या मुक्कामात येते. शेतावरून दिवेलागणीस परतलेल्या स्त्रीला खिरापत योजावयास उसंत राहत नाही, आणि कोजागरीच्या मखरास ज्वारीचे धांडे शोधावे लागतात. परंपरा विसरली गेली असे म्हणण्यापूर्वी तिच्या पायाखालची सवड काढून घेतली गेली आहे, हे ध्यानात घेणे न्यायाचे होईल.

दुसरीकडे मंडळे, शाळा व संस्था यांच्याकडून भुलाबाईचे सामुदायिक कार्यक्रम व गीतस्पर्धा होतात. त्यामुळे गाणी टिकतात आणि आळीचे जुने कुंपणही ओलांडले जाते, हा लाभ खराच. परंतु व्यासपीठावर परीक्षक येतात तेव्हा हार-जीत गुणांची होते, आणि खाऊ सर्वांना एकाच दुकानातून आणलेला मिळतो. त्यात ओळखण्याजोगे काही उरत नाही, कारण ओळखावयाचे असते ते एका विशिष्ट घरचे मन : आज हिच्या आईने काय बरे योजले असेल? हा प्रश्न घरी जाऊनच विचारता येतो.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित पण महत्त्वाचा आहे. महालक्ष्म्यांचा कुळाचार कष्टाच्या वर्षीही निभावला जातो, कारण तो चुकविण्याचे भय वाटते. भुलाबाईला असे संरक्षण नाही. ती केवळ हौसेवर जगते, आणि हौसेला थोडी सवड, शेजारची चार घरे व हरावयास तयार असलेले एखादे मोठे माणूस लागते. म्हणूनच एखाद्या गावात ती किती घरी उतरते यावरून त्या गावातील कुटुंबांच्या सवडीचा व शेजारधर्माचा अदमास घेता येईल. कुटुंबसंस्थेच्या अभ्यासकांनी कुळाचारांबरोबर अशा निरुपद्रवी, बिनसक्तीच्या खेळांचीही गावोगाव नोंद करावी. कोणत्या घरी, कोणत्या साली, कोणती खिरापत शेवटपर्यंत ओळखू आली नाही, हे सांगू शकणाऱ्या आज्या मंगरूळपीरच्या आळ्यांतून अजून आहेत. त्यांच्याकडे प्रथम जावे.