बॉनेटच्या आत (१७) : धुराची वजाबाकी

मागच्या आठवड्यात आपण इंजिनात शिरणाऱ्या हवेचं वजन मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर पाहिला. आजही तो लागणार आहे. आजच्या बिघाडाची साक्ष तोच देतो, आळ मात्र दुसऱ्याच भागावर येतो.

पाटणचे एक टॅक्सीवाले काका गाडी घेऊन आले होते. चार सिलिंडरचं, १२४८ सीसीचं डिझेल इंजिन. "साहेब, ईजीआर व्हॉल्व्ह नवा टाकलाय, हे बघा बिल. चार दिवस दिवा गेला आन् पुन्हा लागला." स्कॅनर लावला तर कोड तोच, पी ०४०१ : ईजीआरचा प्रवाह अपुरा.

ते 'चार दिवस' फसवे असतात. या कोडच्या बाबतीत बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर एकदा चूक दिसली की ती नुसती टिपून ठेवतो आणि लागोपाठच्या दुसऱ्या फेरीतही दिसली तरच 'चेक इंजिन'चा दिवा लावतो. त्यातही ही तपासणी इंजिन तापलेलं असताना, ठरावीक वेगाला आणि ठरावीक भाराला होते. कोड पुसला की दोन-चार दिवस दिवा बंद राहणारच, मग दुरुस्ती झालेली असो वा नसो. काकांना वाटलं, व्हॉल्व्हने गुण आला. व्हॉल्व्ह बदलणाऱ्यालाही तसंच वाटलं असेल.

ईजीआर म्हणजे ज्वलन थंड ठेवण्यासाठी सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला काही भाग परत इंजिनात सोडणं. गरम धूर आत घेऊन ज्वलन थंड कसं होईल, हा प्रश्न मला पहिल्यांदा शिकताना पडला होता आणि आजही शिकाऊ मुलं तोच विचारतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. पण सिलिंडरमधलं तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. तापमान जसं चढेल तसा हा वेग झपाट्याने वाढतो. परत आलेल्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जास्त असते. हे दोन्ही वायू जळत नाहीत, पण उष्णता मात्र भरपूर शोषून घेतात. म्हणून ज्वाळेचं टोकाचं तापमान उतरतं. शिवाय डिझेल गाडीत हा धूर बहुधा आधी कूलरमधून, म्हणजे रेडिएटरच्याच पाण्याने, थंड करून घेतलेला असतो.

आता खरी गोम. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ईजीआरच्या नळीतून किती धूर गेला, हे मोजणारं काहीच बसवलेलं नसतं. कॉम्प्युटर वजाबाकी करतो. सिलिंडरचं पोट ठरलेलं आहे. त्यात जेवढा धूर शिरेल तेवढी ताजी हवा कमी शिरेल. म्हणजे व्हॉल्व्ह उघडल्यावर एअरफ्लो सेन्सरचा आकडा उतरला पाहिजे. अपेक्षेइतका उतरला नाही, की कॉम्प्युटर म्हणतो, धूर आलाच नाही. पी ०४०१ हा या वजाबाकीचा निकाल आहे. त्यात व्हॉल्व्हचं नाव कुठेही नाही.

आकडा किती असायला हवा, ते कागदावर काढता येतं. १२४८ भागिले ४, म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी. समुद्रसपाटीला २५ अंशांवर एक लिटर हवेचं वजन सुमारे १.१८ ग्रॅम, तेव्हा सिलिंडर पूर्ण भरला तर साधारण ३६८ मिलिग्रॅम. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, इथली हवा सहा-साडेसहा टक्क्यांनी विरळ. आकडा येतो ३४५च्या आसपास. महाबळेश्वरला तो आणखी खाली, ३१५च्या घरात. टर्बोचा दाब नसताना सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमीच दिसतो. आपल्या गावचा आपल्या इंजिनाचा हा आकडा प्रत्येक मेकॅनिकने वहीत लिहून ठेवावा असं मी मनापासून सांगतो. मुंबईचा आकडा पाचगणीत लावला तर चांगला सेन्सर खराब ठरेल.

काकांची गाडी तापवून न्यूट्रलमध्ये चालू ठेवली. स्कॅनरवरून व्हॉल्व्ह बंद ठेवला तेव्हा हवा ३३५ मिलिग्रॅम. मग उघडायला सांगितला. आकडा २१०पर्यंत उतरला आणि इंजिनाचा आवाजही जरा दबला. म्हणजे व्हॉल्व्ह उघडतोय, नळी मोकळी आहे, कूलर तुंबलेला नाही, सेन्सरही शहाणा आहे. वजाबाकी चोख. मग कोड आला कुठून?

कोड टिपताना कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंदही ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. घाईत असलेल्या गॅरेजमध्ये ती उघडून कुणी बघत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण अर्धं निदान तिथेच लिहिलेलं असतं. काकांच्या गाडीत लिहिलं होतं : १९०० आरपीएम, वेग ५२, इंजिनावर मध्यम भार. मी विचारलं, "दिवा लागला तेव्हा कुठं होतात?" म्हणाले, "पुण्यास्नं परत जाताना, खंबाटकी चढताना. तिथं पिकअपबी पडतो."

उभ्या गाडीत नाही आणि घाटात आहे, असा काय फरक? टर्बोचा दाब. सेन्सर एअर फिल्टरपाशी हवा मोजतो. तिथून ती टर्बोत, मग इंटरकूलरमधून इंजिनात जाते. टर्बोच्या पुढचा रबरी पाइप कुठे उलला असेल तर दाब वाढताच तिथून हवा बाहेर निसटते. सेन्सरने ती मोजलेली असते, सिलिंडरला मात्र पोचलेली नसते. कॉम्प्युटरला दिसतं, हवा जास्त जातेय; मग त्याच्या हिशेबाने धूर कमी. कोड, पी ०४०१. फट टर्बोच्या आधी असती तर उलट झालं असतं : न मोजलेली हवा आत शिरली असती आणि तक्रार जादा प्रवाहाची आली असती, पी ०४०२.

इंटरकूलरच्या खालच्या पाइपला क्लिपपाशी बोट फिरवलं, बोट तेलकट. पाइप वाकवून बघितला तर घडीत दोन इंचांची चीर. एरवी मिटलेली, दाब आला की उघडणारी. नवा पाइप घातला. काढलेला जुना व्हॉल्व्ह काकांनी डिकीत पिशवीत ठेवला होता. तोही तपासला. चांगला होता.

सगळ्या गाड्या अशा नसतात, हेही सांगायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पी ०४०१ गाड्यांत खरोखर काजळीच असते. धुरातली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र येऊन डांबरासारखा थर बसतो. गाडी हळू, कमी भारावर चालते तेव्हा ईजीआर सर्वांत जास्त उघडा असतो, आणि गॅस पूर्ण दाबला की बंद होतो. म्हणून रोज सिग्नल-टू-सिग्नल चालणारी गाडी महामार्गावरच्या गाडीपेक्षा लवकर तुंबते. अशा गाडीत व्हॉल्व्ह उघडल्याचं पोझिशन सेन्सर सांगतो, पण हवेचा आकडा जागचा हलत नाही. व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डचं तोंड आणि कूलर, तिन्ही साफ करावे लागतात. मोटर असलेली बाजू क्लीनरमध्ये बुडवू नये, आणि अडकलेली दांडी स्क्रू ड्रायव्हरने रेटू नये; आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. काही इंजिनांत धूर ओढला जावा म्हणून हवेच्या वाटेत एक झडप असते. ती उघडीच अडकली तरी प्रवाह अपुरा पडतो. जुन्या व्हॅक्यूमवाल्या पेट्रोल गाडीत तपास सोपा : हातपंपाने व्हॅक्यूम द्या, इंजिन अडखळलं तर वाट मोकळी.

आणि ती पत्र्याची चकती. ईजीआरच्या तोंडाला पत्रा मारून 'कायमचा इलाज' करणारे गावोगाव आहेत. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा बघतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजतच नाहीत, म्हणून पत्रा मारलेली गाडीही बिनदिक्कत पास होते. बीएस ४च्या डिझेल कारला किलोमीटरमागे या ऑक्साइडांची ०.२५ ग्रॅमची मुभा होती; १ एप्रिल २०२० पासून बीएस ६मध्ये ती ०.०८ वर आली. ती मर्यादा गाठण्यात या व्हॉल्व्हचा मोठा वाटा आहे. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, पण शाळेच्या फाटकासमोर उभी राहून घरघरणारी गाडी तो मुलांच्या नाकातोंडाच्या उंचीवर सोडते. माझ्या गॅरेजमध्ये ती चकती बसत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

काकांच्या शेजारी बसून, स्कॅनर मांडीवर घेऊन, मी खंबाटकी चढलो. १९०० आरपीएमला कॉम्प्युटरने मागितलेली हवा आणि मोजलेली हवा यांत पाच-सात मिलिग्रॅमचा फरक. दुसऱ्या दिवशी काका तोच घाट पुन्हा चढले आणि वर पोचल्यावर त्यांनी फोन केला, दिवा नव्हता.

पुढच्या आठवड्यात याच काजळीचा पुढचा मुक्काम : बीएस ६ गाड्यांचा डीपीएफ आणि तो अर्ध्यातच का अडतो.