'परमेश्वराचे भय' म्हणजे देवाला घाबरायचं? जाणून घ्या नेमका अर्थ

जुन्नर-आंबेगावात अंधारात उसाच्या कडेने जाणारा माणूस बिबट्याला 'वाघ'च म्हणतो. त्याला घाबरतो आणि वाघोबाच्या दगडापुढे हातही जोडतो. ही भीती की आदर? दोन्ही.

बायबलमधल्या 'परमेश्वराचे भय' या शब्दांचंही असंच आहे. मूळ हिब्रू शब्द 'यिरा'. त्यात धाकही येतो आणि आदरही. मराठीत मात्र 'भय' वाचलं की थेट शिक्षाच आठवते (मला तरी शाळेतली छडी आठवली).

हे भय फक्त प्रार्थनेपुरतं नाही. 'नीतिसूत्रे' या पुस्तकात त्याच्याबरोबर खोट्या तराजूचाही विषय आहे. गिऱ्हाईक बघत नसलं तरी वजनात खोट करायची नाही, कारण देव बघतोय.

असे शब्द साध्या मराठीत आणायला आपल्याच जिल्ह्यात, केडगावला पंडिता रमाबाई कित्येक वर्षं राबल्या. 1896-97 च्या दुष्काळातल्या निराधार बायका-मुलींना त्यांनी आसरा दिला होता. स्वतः संस्कृतच्या पंडिता. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा भाषेत आणलं. छपाईला हात लागले ते मुक्ती मिशनमधल्या बायकांचे. अनुवाद पूर्ण झाला आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या.