कापसाचा हिशेब आणि बालकांचे अर्थशिक्षण : अमरावती-अकोला परिसराच्या संदर्भात

प्राथमिक शाळेतील बालकास पैशाची ओळख करून द्यावी, याविषयी शिक्षणक्षेत्रात आता फारसे दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणत्या पैशाची ओळख करून द्यावयाची, हा. गल्ला, खाऊचे पैसे आणि दरमहा बचत ही या विषयाची नेहमीची उदाहरणे होत. मासिक वेतन येणाऱ्या घरास ती लागू पडतात. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकरी कुटुंबात मात्र पैसा महिन्याने नव्हे, हंगामाने येतो. पेरणीच्या तोंडावर तो कर्जरूपाने येतो आणि दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाल्यावर कापसाच्या रूपाने. अशा घरातील मुलाने दरमहा दहा रुपये गल्ल्यात टाकावेत, हा उपदेश चुकीचा नसला तरी परका आहे.

कापसाच्या आधारे हिशेब शिकविण्याचा विचार या परिसरास नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शेजारच्या वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती प्राथमिक शिक्षणाची मांडणी करण्याची कल्पना ठेवली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. कापूस किती घेतला, सूत किती निघाले, तूट किती आली, मोल किती झाले, हेच मुलांचे गणित होते. मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे, ही अपेक्षा त्या काळीही वादग्रस्त ठरली आणि ते योग्यच झाले. बालकांच्या श्रमावर शाळा चालविणे कोणत्याही काळी समर्थनीय नाही. परंतु त्या अपेक्षेबरोबर हिशेबही बाजूला पडला.

आज अनेक शाळांत भरणाऱ्या बाल आनंद मेळाव्यात त्याचे अवशेष आढळतात. मुले सांबाराच्या जुड्या, आलूबोंडे, चिवडा विकतात आणि संध्याकाळी गल्ल्यातील सर्व रक्कम ‘नफा’ म्हणून सांगतात. समजा, चौथीतील मुलीने ३०० रुपयांचे आलूबोंडे विकले आणि बेसन, आलू व तेल यांस २२० रुपये लागले. शिल्लक ८० रुपये. परंतु पहाटे उठून ते तळणाऱ्या आईच्या श्रमाचे मोल यात कोठेही नाही. शिक्षकाने येथे थांबावे. कारण शेतीच्या हिशेबातही घरच्या माणसांची मजुरी अशीच गळून जाते. शासन हमीभावासाठी उत्पादनखर्च काढताना कुटुंबाच्या श्रमाचे मोल धरते; घरातील वहीत ते क्वचितच लिहिले जाते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव प्रतिक्विंटल ७७१० रुपये जाहीर झाला. वडिलांना बाजारात त्याहून कमी का मिळाले, हा मुलाचा प्रश्न स्वाभाविक आहे. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसास पूर्ण भाव देते, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्याहून ओला कापूस घेत नाही. खाजगी व्यापाऱ्यावर हमीभावाचे बंधन पडत नाही, हेही चौथीच्या मुलास सोप्या शब्दांत सांगता येते.

सर्वांत अवघड भाग कर्जाचा. १ जुलै २००६ रोजी जाहीर झालेल्या पंतप्रधान पॅकेजमध्ये अमरावती व अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्हे होते. शेतकरी आत्महत्यांच्या छायेत येथील एक पिढी शाळा शिकली. काही वर्गांत आजही असे मूल असू शकते. त्यामुळे ‘ऋण काढू नये’ असे सरसकट सांगणारा पाठ त्या मुलास आपल्या बापावरील दोषारोप वाटतो. पीककर्ज हा पेरणीच्या भांडवलाचा भाग आहे, त्याची मुदत व व्याज असते आणि बँकेचे कर्ज व सावकाराचे कर्ज यांत अंतर आहे, एवढेच शांतपणे सांगणे पुरेसे आहे. घरी किती कर्ज आहे, असे वर्गात कोणत्याही मुलास विचारू नये.

भावी व्यवसायाचा विचार याच धाग्याने पुढे नेता येतो. ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नास डॉक्टर, पोलीस व शिक्षक एवढीच उत्तरे येतात, कारण मुलांनी तेवढेच व्यवसाय जवळून पाहिलेले असतात. कापसाच्या गाडीमागे गेल्यास बाजार समितीतील मापारी, प्रतवारी करणारा, जिनिंगमधील यंत्रज्ञ, सरकीच्या तेलाचा कारखानदार, बँकेतील अधिकारी आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नवे वाण शोधणारा संशोधक, अशी मोठी साखळी दिसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे. परंतु अर्ध्या दिवसाची जिनिंगची भेट, यंत्रापासून सुरक्षित अंतर राखून, चौथीच्या मुलांसही घडविता येते. ती मात्र डिसेंबरात ठेवावी. जुलैत जिनिंग बंद असते आणि मुलांना दाखविण्यास फाटकाचे कुलूपच उरते.