दोन भंगार सायकलींतून एक आरामसायकल. पण ब्रेकमध्ये काटकसर नको!

रत्नागिरी : पडवीत गंजत पडलेल्या सायकली किलोवर भंगारात जातात. पण मोठ्या माणसाची एक आणि लहान मुलाची एक, अशा दोन लोखंडी सायकली जोडून मागे रेलून चालवायची 'रिकंबंट' सायकल तयार होते. पाठ टेकलेली असल्याने मान, मनगट आणि बुडावर ताण कमी येतो.

कल्पना जुनीच आहे. फ्रान्समधील शार्ल मोशे यांच्या अशाच सायकलवर फ्रान्सिस फोर याने ७ जुलै १९३३ रोजी तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ती शर्यतींतून बाद केली.

जोडणी कशी?

मोठ्या सायकलचे मागचे चाक त्याच्या सांगाड्यासह घ्यायचे. छोटीचा पुढचा भाग, म्हणजे चाक, चिमटा आणि पायडलची जागा, अख्खा ठेवायचा. दोन्हींच्या मध्ये जाड लोखंडी पाइप. त्यावर सीट, जुन्या खुर्चीची पाठही चालते. हँडल हाताशी येईल इतके मागे लांबवावे लागते. सीट पक्की करण्याआधी बसून बघायचे: पायडल सर्वांत लांब असताना गुडघा किंचित वाकलेला हवा.

चेन दोन-तीन जोडून लांब करायची. मात्र सगळ्या एकाच रुंदीच्या हव्यात. ती लोंबते, म्हणून मध्ये आधाराला छोटी चक्री लागते.

वेल्डिंग गेट-ग्रिलवाल्याकडे होते. आपल्या खाऱ्या हवेत पाइप आतून सडतो, तेव्हा आधी हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला, तर तो भाग नको. जीआय पाइप वापरलात तर जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढा. तो जळाला की धूर विषारी असतो.

खरी परीक्षा चढ-उताराची

साध्या सायकलवर चढ आला की माणूस उभा राहून पायडल मारतो. इथे ते जमत नाही, त्यामुळे गिअर हवेतच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पायडल रिक्षा सुधारताना गिअर आणि मागच्या चाकांना ब्रेक यांवरच भर दिला होता.

या लांब सायकलचा भारही मागे असतो. नुसता पुढचा ब्रेक दाबला, तर जांभ्याच्या खडीवर चाक घसरते. त्यात जुन्या स्टीलच्या रिमवर पावसात रबर नीट धरत नाही. म्हणून मागे अ‍ॅल्युमिनियमची रिम, ब्रेकचे रबर आणि केबल नवीच घ्या.

पहिली फेरी शाळेच्या मैदानावर मारा. सायकल बुटकी असल्याने एसटी-ट्रकवाल्याला पटकन दिसत नाही. मागे उंच काठीला झेंडा आणि हँडलला आरसा लावा. भंगारात वाचलेले पैसे ब्रेकवर घातले, तरच उतारावरून घरी सुखरूप येता येईल.