वायतुरा

सातारा शहराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर कासचे पठार आहे. जांभ्या खडकाच्या या पठारावर मातीचा थर अतिशय पातळ असल्याने उन्हाळ्यात ते ओसाड भासते. पावसाळा सुरू झाला, की कातळातील खोलगट भागांत पाणी साचून उथळ डबकी तयार होतात. वायतुरा या वनस्पतीचा हाच अधिवास होय.

वायतुरा ही बहुवर्षायू पाणवनस्पती आहे. तिचा कंद डबक्याच्या तळाशी चिखलात असतो. पाणी मिळताच त्यातून पाने फुटतात आणि गुलाबी-जांभळ्या फुलांचा तुरा पाण्याबाहेर येतो. देठाच्या टोकाशी तो दोन शाखांत विभागलेला असल्याने इंग्रजी ‘वाय’ या अक्षरासारखा दिसतो. म्हणून हे नाव. पुढे डबके आटते, पाने सुकतात; कंद मात्र पुढील पावसापर्यंत मातीत सुप्तावस्थेत राहतो.

१९८२ मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ या तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचा निर्देश आहे. पश्चिम घाटाच्या उत्तर भागातील मोजक्या पठारांवरच ती आढळते. २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या पश्चिम घाटातील स्थळांत कासचा समावेश आहे.

असे कोरडे पठार ‘पडीक’ समजले जाण्याचा धोका असतो. डबके मुरमाने बुजले किंवा वाहनांखाली तुडवले गेले, तर आतील कंद नष्ट होतो. ही हानी उन्हाळ्यात दिसत नाही. पावसाळ्यात तुरा उगवला नाही, म्हणजे ती कळते.