गांडूळ कापलं की दोन होतात? नाही, बहुतेक वेळा ते मरतं

पेरणीच्या तोंडावर चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ या पट्ट्यात बांधाबांधावर एक वाक्य ऐकू येतं: “गांडूळ तुटलं तरी मरत नसतंय, एकाचे दोन होतेत.” शेणखत फावड्यानं उपसताना हे सांगितलं जातं, रानात रोटा मारताना सांगितलं जातं. गांडूळखताच्या बेडवर कल्चर कमी पडलं तर “कापून वाढवा” असा सल्लाही मिळतो. शिकलेली माणसंसुद्धा हेच बोलतात तेव्हा चीड येते, कारण या समजुतीची किंमत आपली जमीन मोजते. म्हणून ती नीट तपासून पाहू.

अकरावी-बारावीला ज्यांनी फेरेटिमा हे गांडूळ अभ्यासलं, त्यांनी थोडं आठवावं. त्याचं शरीर शंभर ते सव्वाशे वलयांचं असतं, पण ही वलयं सारखी नसतात. तोंड पहिल्या वलयात, मेंदू त्याच्या जरा मागे, हृदयं सातव्या ते तेराव्या वलयांच्या दरम्यान. वृषणं आणि अंडाशयही त्याच भागात, आणि ज्यातून अंड्यांचा कोष तयार होतो तो जाडसर पट्टा चौदाव्या ते सोळाव्या वलयावर. म्हणजे जगायला आणि वंश वाढवायला लागणारं जवळजवळ सगळं पहिल्या विसेक वलयांत आहे. मागे उरतं ते मुख्यतः आतडं.

आता मधोमध कापलं तर काय होईल? पुढचा तुकडा पुरेसा लांब असेल, जखम चिघळली नाही आणि ओल टिकली, तर त्याला नवी शेपटी फुटू शकते. हे खरं आहे आणि समजुतीचा उगमही इथंच आहे. मागचा तुकडा मात्र तोंडाविना उरतो. तो बराच वेळ वळवळतो आणि बघणारा म्हणतो, “बघा, जिवंत आहे!” ती वळवळ चेतारज्जूमुळे होते, तिचा अर्थ नवीन गांडूळ तयार झालं असा नाही.

शंका असेल त्यांच्यासाठी पुरावा. इटलीच्या स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकातच नोंदवलं होतं, की गांडुळाच्या मागच्या तुकड्याला कधी कधी डोक्याच्या जागी शेपटीच फुटते. अमेरिकेतल्या टॉमस हंट मॉर्गन यांनी १८९९ मध्ये स्वतः प्रयोग करून हे खरं ठरवलं. फळमाशीवरच्या कामासाठी १९३३ चं नोबेल मिळवणारे ते हेच मॉर्गन. दोन्ही टोकांना शेपटी असलेला तो जीव खाऊ शकत नाही, उपासमारीनं मरतो. “एकाचे दोन” म्हणणाऱ्यांनी हा निकाल डोळ्यांसमोर ठेवावा.

अपवाद आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. जी. ई. गेट्स यांनी वर्षानुवर्षं गांडुळांच्या पुनर्निर्मितीचा अभ्यास केला. काही जातींत, ठरावीक वलयांच्या दरम्यान नेमका छेद घेतला तर दोन पूर्ण गांडुळं मिळणं तत्त्वतः शक्य आहे, असं त्यांना दिसलं. आपल्याकडच्या खतात आढळणारी पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही जात गमावलेला भाग भरून काढण्यात तरबेज आहे. पण हे प्रयोग प्रयोगशाळेत झाले. फिरत्या पात्यांना वलयं मोजता येत नाहीत.

तुकड्यातून अख्खा प्राणी उभा करणारे खरे उस्ताद समुद्रात आहेत. लायनियस हा फितीसारख्या लांब, मऊ सागरी कृमींचा वंश जगात दूरवर पसरलेला आहे. ओहोटीच्या पट्ट्यात दगडाखाली, चिखलात हे प्राणी राहतात. त्यांच्या अंगावर गांडुळासारखी वलयं नसतात. त्यांतली लायनियस सँग्विनियस ही जात स्वतःच तुटते, आणि अगदी बारीक तुकड्यातूनही डोक्यासकट नवा प्राणी तयार होतो. मात्र इथंही सरसकट विधान चालत नाही. २०१९ मध्ये एदुआर्दो झात्तारा आणि सहकाऱ्यांनी अशा फीतसदृश कृमींच्या ३५ जातींची माहिती एकत्र केली. शेपटीकडचा भाग बहुतेकींना भरून काढता येत होता, पण अख्खं डोकं पुन्हा उगवू शकणाऱ्या जाती फक्त ८ निघाल्या. खुद्द लायनियस वंशातल्याही सगळ्या जातींना ते जमत नाही. ज्या प्राण्यांत ही विद्या इतकी पुढे गेली आहे तिथं ही स्थिती असेल, तर काळ्या रानातल्या गांडुळाकडून काय अपेक्षा धरायची?

   

आता आपल्या रानाकडे येऊ. सोयाबीन, तूर, हरभरा काढला की रोटाव्हेटरच्या पाळ्या घालायच्या, ही आपली सवय झाली आहे. त्या वेळी ट्रॅक्टरमागे बगळे का जमतात, याचा विचार करावा. कापलेली, उघडी पडलेली गांडुळं आणि किडे टिपायला ते येतात. जी पक्ष्यांच्या चोचीतून सुटतात ती उन्हात वाळतात. ब्रिओनेस आणि श्मिट यांनी २०१७ मध्ये ४० देशांतल्या नोंदी एकत्र तपासल्या. नांगरटीच्या तुलनेत शून्य मशागतीच्या शेतात गांडुळांची संख्या सरासरी १३७ टक्क्यांनी जास्त आढळली. कापून गांडुळं वाढत असती, तर हा आकडा उलटा आला असता.

गांडुळं असली काय नि नसली काय, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, गांडुळांच्या असण्यानं पिकाचं उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी वाढतं. पिकाचे अवशेष जमिनीत असतील तर फायदा ठळक, नत्राचा भरपूर मारा असेल तर तो दिसेनासा होतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गांडूळ मुळं कुरतडतं: नाही. त्याला दात नसतात. ते कुजलेला पाला, शेण आणि माती खातं.

बेडमधली गांडुळं रानात सोडली की ती जमीन नांगरतात: खतासाठीची आयसेनिया फेटिडा शेणात, कुजत्या पाल्यात राहणारी आहे. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत ती तगत नाही. रानातलं काम स्थानिक जाती करतात. त्या उन्हाळ्यात खोल जाऊन निपचित पडतात.

एकच गांडूळ पिल्लं देतं: एकाच अंगात नर आणि मादी अवयव असले तरी बहुतेक जातींना जोडीदार लागतो.

पोटातले जंत म्हणजे गांडुळंच: दिसायला सारखे, पण वेगळ्याच संघाचे प्राणी. विष्ठेनं दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या हातांतून त्यांची अंडी पोटात जातात.

मांडूळ हे मोठं गांडूळ आहे: तो बिनविषारी साप आहे, त्याला एकच तोंड असतं आणि कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

गांडुळं वाढवायची असतील तर रस्ता सरळ आहे. बेडवर सावली, ओल आणि अर्धवट कुजलेलं शेण द्या. ती स्वतः कोष घालतात आणि एका कोषातून बहुधा दोन-चार पिल्लं निघतात. खत काढायच्या आधी पाणी थांबवा, गांडुळं खाली जातात, मग वरचं खत हातानं काढा, फावडं घालू नका. रानात रोट्याची एक तरी पाळी कमी करा, सोयाबीनचं भुसकट जाळू नका, ते पसरून ठेवा. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी पद्धतीत नांगरट टाळून पिकाची मुळं जमिनीतच ठेवतात. एकदम सगळं रान नको, अर्ध्या एकरावर करून बघा आणि दुसऱ्या पावसाळ्यात दोन्ही तुकड्यांत वीतभर खड्डा घेऊन गांडुळं मोजा. ज्याला माझं पटत नसेल त्यानं ती मोजणी मानावी.