मेण पाण्याला दाद देत नाही



या पानावर मी नेहमी बेणे, खत आणि खोडवा यांविषयी लिहितो. आजचा विषय गाडीचा आहे, पण वाट शेवटी उसाकडेच येते.

गेल्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, पवईला भाच्याची घरभरणी होती. चार पाहुण्यांत जायचे म्हणून आदल्या दुपारी जीप उन्हात उभी करून तिला मेणाचे पॉलिश चांगले जाड थापले. समोरच्या काचेलाही लावले. म्हटलं, चमकू द्या! जेवून येईपर्यंत ते वाळून कडक झाले. रंगावर ढगाळ पट्टे, दारांच्या फटींत पांढरी रेघ, काळ्या बंपरवर चुन्याची बोटे ओढल्यासारखे डाग. तीनदा साबणपाण्याने धुतली, फरक शून्य. तशीच निघालो.

मुंबईत शिरायला रात्र झाली आणि पाऊसही लागला. पवई तलावाच्या कडेने जाताना वायपर चालू केला, तर काचेवर दुधाळ थर फिरला. समोरून येणाऱ्या दिव्यांचा उजेड त्यात पसरून रस्ताच दिसेना. छत्री घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस मला दिसला तो अगदी पाच हातांवर. ब्रेक लागला, तो आपल्या वाटेने गेला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

सकाळी भाचा गाडी पाहून हसला. "मामा, फवारणीत स्टिकर घाला म्हणून गावाला सांगता, आणि गाडीचं मेण नुसत्या पाण्यानं काढता होय?"

पोरगा खरे बोलला. उसाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून स्टिकरशिवाय औषध थेंब-थेंब होऊन ओघळते. कांडीवरची पांढरी भुकटी मेणच. गाळपात त्यातले बरेचसे प्रेसमडमध्ये जाते. २००२ साली आपल्याकडे लोकरी मावा आला, त्याच्या अंगावरची लोकरही मेणाचीच. आणि गाडीच्या पॉलिशमध्ये वापरतात ते कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे. ते वितळायला ८० अंशांहून जास्त उष्णता लागते. कोमट पाण्याचे तिथे काय चालणार?

पॉलिशमध्ये मेण एका उडून जाणाऱ्या द्रावकात मिसळलेले असते. द्रावक हळूहळू उडाला की वर धुरकट थर दिसतो. तो लगेच मऊ फडक्याने पुसायचा. तापलेल्या पत्र्यावर द्रावक भराभर उडतो आणि मेण घट्ट बसते. माझी चूक तिथेच झाली.

भाच्याने केले ते असे. गाडी सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला आणि धूळ धुऊन काढली. मग पट्ट्यांवर तेच पॉलिश अगदी पातळ लावले व लगेच पुसले. नव्या पॉलिशमधल्या द्रावकाने जुने मेण सुटते. त्यानेही न हललेल्या जागी फडक्याला थोडे मिनरल टर्पेंटाइन लावून हलके फिरवले व साबणाने धुतले. हे आधी झाकलेल्या कोपऱ्यात लावून पाहावे. फटींतले मेण जुन्या मऊ टूथब्रशने काढले. बंपरवरचे डाग पोरांच्या खोडरबराने गेले! काच आणि वायपरचे रबर मात्र साबणाने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मे पाणी घालून पुसले.

थिनर वापरू नका, रंगच निघेल. पेट्रोल तर नकोच. त्याने रबर खराब होते आणि एका ठिणगीने भडका उडतो. टर्पेंटाइन व अल्कोहोलही पेट घेतात, तेव्हा भिजलेली फडकी चूल आणि बिडीपासून लांब ठेवा. ब्लेडने खरवडणे, कोरडी धुण्याची पावडर घासणे, हेही टाळा.

काम आटोपून तलावावर गेलो. हा तलाव १८९१ साली बांधला. त्याआधी, १८२९ मध्ये, फ्रामजी कावसजी बानाजी यांनी पवईची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिथे ऊस लावला होता. आज इमारतींच्या गर्दीत कुणाला पटणार नाही. मला मात्र माहेरच्या माणसाची ओळख निघावी तसे वाटले.

बंधूंनो, गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या गाड्यांची रांग असते, पहाटे धुके असते. बैलगाडीला मागे दिवा असतोच असे नाही. तेव्हा ट्रॅक्टर, जीप, पिकअप जरूर चमकवा, पण काचेला मेण लावू नका. आणि हंगामापूर्वी एका संध्याकाळी काचेवर पाणी टाकून वायपर फिरवा, समोर दिवा धरून पाहा. दुधाळ दिसले, तर त्याच दिवशी काच साफ करा. गाडीवानही आपलाच सभासद आहे.